फानियाची उंच झाडं

नवरा ग्लिगोर वारला तेव्हा फानियाकडे उरलं ते एक घर, एक गाढव आणि प्रेस्पा तळ्याकडे उतरत जाणारी सफरचंदाची जुनी बाग. बाग सासऱ्याच्या हातची. झाडं अशी उंच की शिडीशिवाय शेंड्याला हात लागायचा नाही. गावातल्या बाकीच्यांनी जुनी झाडं कधीच काढून तारांवर बांधलेली बुटकी झाडं लावली होती. फानियानं लावली नाहीत. "मला ह्यांचीच सवय आहे," एवढंच म्हणायची.

तिच्या बांधाला लागून वांगेलची बाग. वांगेल तिच्या लग्नातला कुम. चर्चमध्ये नवराबायकोच्या मागे उभं राहून त्यांच्या डोक्यावर मुकुट धरतो तो कुम, आणि हे नातं इकडे सख्ख्या भावाहून जड मानतात. ग्लिगोरच्या शवपेटीलाही पुढचा खांदा वांगेलचाच होता.

सफरचंद पोखरणाऱ्या अळीनं गाव जेरीस आलं होतं. फवारे मारूनही फळ कापलं की आत काळा भुगा. शेवटी रेसेन शहरातून स्लावका नावाची शेतीतज्ज्ञ आली. तिनं सांगितलं, मादी पतंगाच्या वासाच्या नळ्या झाडांच्या शेंड्यांजवळ टांगा. सगळ्या शिवारात तोच वास भरला की नराला मादी सापडत नाही, मग अंडी नाहीत, अळीही नाही. किती पतंग उरलेत ते पाहायला मधून मधून त्याच वासाचे, चिकट तळाचे कामगंध सापळे लावायचे.

"पण एकही बाग सुटता कामा नये," ती म्हणाली. "उपाय करायचा तर सगळ्यांनी."

वांगेलनं पुढाकार घेतला. त्याच्या माणसांनी फानियाच्या बागेत नळ्या अडकवल्या, पण खालच्या फांद्यांवर, हात पोचेल तिथे.

"वर चढा की रे," ती म्हणाली.

"आणि मान मोडली तर, वहिनी? तुझ्या झाडांना शिडी नाही, विमान लागेल."

सगळे हसले. तीही हसली. मग तिनं स्वतःच्या परीनं केलं. उन्हाळ्यात खोडांना पन्हळी पुठ्ठ्याचे पट्टे गुंडाळले, म्हणजे कोष करायला उतरलेल्या अळ्या त्यात शिरतील. ते पट्टे काढून चुलीत घातले. रोज सकाळी पडलेली फळं वेचून पाण्याच्या पिंपात बुडवली. गुडघे दुखायचे, तरी एक फळ गवतात राहू दिलं नाही.

आणि तरी जुलैत वांगेलच्या बागेतला, तिच्या बांधाजवळच्या कोपऱ्यातला सापळा पतंगांनी काळा झाला. त्या बाजूची फळं गेली. संध्याकाळी दुकानासमोर माणसं जमली.

"हे येतंय कुठून ते सांगायला का पाहिजे?" वांगेल म्हणाला. "तिच्या शेंड्यांवर लग्नं लागतात आणि पोरं माझ्याकडे वाढतात."

फानिया पाव घ्यायला आली होती. "माझ्या पट्ट्यांत अळ्या फार नव्हत्या, वांगेल. येऊन बघायचं होतंस."

"काय बघू? जाळलेस ना?"

तिनं पाव घेतला आणि घरी आली.

त्यानंतर रस्त्यात तिला नमस्कार मिळेनासा झाला. संत दिमित्रीच्या सणाला चर्चच्या अंगणात जेवणाची लांब टेबलं मांडली, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिनं नेलेलं मिरच्यांचं लोणचं जसंच्या तसं परत आलं. दुसऱ्या दिवशी ती वांगेलच्या फाटकापाशी उभी राहिली.

"काप माझी झाडं," ती म्हणाली.

"वहिनी, आपखुशीनं सांगतेस ना? मागाहून गावानं जबरदस्ती केली असं नको व्हायला."

"काप म्हटलं ना."

दिवसभर करवतीचा आवाज चालला. ती घरातच बसली. संध्याकाळी माणसांनी लाकडाचे तुकडे तिच्या भिंतीला नीट रचून दिले आणि वांगेल म्हणाला, "बघ, हिवाळ्याची काळजी मिटली." खरंच मिटली. सासऱ्याची झाडं मार्चपर्यंत पुरली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यातला सापळा पुन्हा भरला. स्लावका आली. बागेत फिरली आणि त्या कोपऱ्यातल्या वांगेलच्या छपराखाली रचलेल्या लाकडी पेट्यांपाशी थांबली. दूरच्या एका गोदामातून त्यानं त्या जुन्या पेट्या स्वस्तात आणल्या होत्या, दोन वर्षं झाली. तिनं एका पेटीची फळी उचकटली. खाचेत पांढऱ्या कोषांची ओळ होती. पुढच्या फळीतही तेच.

"ह्या अळ्या इथंच हिवाळा काढतात आणि उन्हाळ्यात पतंग होऊन उडतात," ती म्हणाली. मग बांधापलीकडच्या बुंध्यांकडे पाहून तिनं विचारलं, "ती झाडं का काढली?"

वांगेलनं उचकटलेली फळी परत दाबून बसवली. त्याच आठवड्यात पेट्या तळ्याकाठी जळाल्या. धूर सगळ्यांनी पाहिला, विचारलं कुणीच नाही. फानियाला सांगितलं ते स्लावकानं, कुंपणापाशी उभं राहून.

फानिया वांगेलकडे गेली. तो अंगणात कॉफी पीत होता. उठून त्यानं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तुला कधी कळलं?"

"तुझ्याआधी चार दिवस. वहिनी, मुद्दाम केलं का मी? माझंही नुकसान झालंच की."

"गावाला सांगितलंस?"

"गावाला काय सांगायचं? झालं ते झालं. मी तुला रोपं आणून देतो, बुटक्या जातीची. शिडीची कटकट नाही."

"ग्लिगोरच्या पुण्यतिथीला येऊ नकोस," ती म्हणाली. "आजपासून तू आमचा कुम नाहीस."

त्याचा चेहरा पडला. असं कुणी कुणाला म्हणत नाही.

तरी शरद ऋतूत रोपं आली, मुळांना ओलं गोणपाट बांधून, तिच्या फाटकाला टेकवलेली. तिनं हात लावला नाही. वारा सुटला, गोणपाट वाळलं, मग मुळं वाळली. येणारेजाणारे पाहत होते.

"बिचारा वांगेल," दुकानासमोर बायका म्हणाल्या. "रोपं घेऊन दारात गेला आणि ह्या बाईचा ताठा पाहा."

फानियानं ते ऐकलं. आपला पाव घेतला, सुटे पैसे मोजून दिले आणि चढाची वाट धरली. बुंध्यांमधून तिनं घेवडा लावला होता, त्याच्या शेंगा काढायच्या होत्या.