रोजच्या मिस्सेचे आम्ही तिघं

रविवारी आमचं चर्च भरतं. इतर दिवशी सकाळच्या मिस्सेला वेदीवर फादर आणि समोर आम्ही तिघंच: आग्नेसमावशी, अंतोनकाका आणि मी. मावशी मासळी विकते, काका मच्छीमार बोटीवर होते, मी रेवदंड्याच्या बाजूला एका शाळेत टीचर होते. आता तिघंही आपापल्या घरी एकटी. एवढ्याशा घोळक्यात किस्सा घडला की तो सांगायचा कोणाला? तिघांनाही माहीतच असतो. म्हणून ते नुसते साचत जातात.

*

एका उपवासकाळात काकांनी चहा सोडला. चौथ्या दिवसापासून ते कोणाशी धड बोलेनात. मावशीवर डाफरले, चर्चच्या पायरीवरच्या मांजरीलाही हाकललं. शेवटी स्वतःच पापनिवेदनाला गेले. बाहेर आल्यावर तोंड पाडून म्हणाले, "फादरनी प्रायश्चित्त दिलंय. रोज एक कप चहा प्यायचा, तोही आग्नेसच्या घरी जाऊन."

*

मावशी दर शुक्रवारी देवाच्या नावानं एका आजारी बाईला मासळी देते. टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट तिच्यासाठी बाजूला निघतं. एकदा एक हॉटेलवाला नेमक्या त्याच पापलेटासाठी अडून बसला. मी म्हटलं, दे त्याला, त्या बाईला काटेरी मांदेली चालतील.

मावशीनं पापलेट पदराखाली सरकवलं. "देवाला काटे काढत बसवू?"

*

हीच मावशी दर शनिवारी पापनिवेदनाला जाते. फादर इथं नवे होते, तेव्हा त्यांनी तिला समजावलं की तुमच्या सांगण्यात पाप काही दिसत नाही, महिन्यातून एकदा आलात तरी पुरे. त्यावर आपण काय बोललो, ते मावशीनंच मला सांगितलं. "फादर, माझं बोलणं मध्येच न तोडणारे आठवड्यात तुम्ही एकटेच."

तेव्हापासून शनिवारी फादर अर्धा तास आधीच येऊन बसतात.

*

आता माझा किस्सा. गेल्या नाताळला मुंबईहून लेक, जावई, नातवंडं येणार होती. मी दोन डबे भरून नेवऱ्या, म्हणजे आमच्या नाताळच्या करंज्या, केल्या. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला की मांडव्याच्या बोटीची तिकिटं मिळत नाहीत, आता पुढच्या वर्षी बघू. दोन डबे घरात बघवेनात. मी आळीतल्या प्रत्येक घरी नेवऱ्या वाटून आले, समोरच्या होमस्टेतल्या पाहुण्यांनासुद्धा.

सणाच्या प्रवचनात फादरनी दानशूरपणाचं उदाहरण म्हणून माझं नाव घेतलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

*

यंदा काका घसरून पडले आणि अंथरुणाला खिळले. मी दर बुधवारी दुपारी डबा घेऊन जायचे. ते उठून बसायचे, चवीनं जेवायचे, मीही तिथंच दोन घास खायचे. घरी परतताना वाटायचं, चला, आठवड्यात एक तरी पुण्याचं काम होतंय.

एका बुधवारी दारातच शेजारची कोळीण भेटली. डबा बघून हसली. म्हणाली, काका तर कधीच जेवले, आमच्या घरनंच रोज ताट जातंय.

आत काका नेहमीसारखे रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. मी विचारलं, पोट भरलेलं असताना परत का जेवता?

काकांनी ताट माझ्या डब्याकडे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "टीचर, बुधवारी तुमच्याबरोबर जेवायला दुसरं कोण हाय?"