दाजींची जुनी वाईन

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सोलापुरात वकिली करत. वकिली बेताची, पण सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं होतं आणि तेव्हापासून त्यांची मान कॉलरीत अडकल्यासारखी ताठ झाली होती. मी नुकताच हायस्कुलात मास्तर झालो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो. त्यामुळे त्यांचा मोठेपणा मला सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या ताटासमोरसुद्धा बघावा लागे.

एका गिरणीतला गोरा अंमलदार विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले. दाजींनी लाकडी खोक्यातून तांबड्या फ्रेंच वाईनच्या बाटल्या आणल्या. अक्काच्या माहेरी काय, सासरी काय, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

"ही दारू नव्हे," दाजी मला म्हणाले. "ही वाईन आहे. माझ्या लग्नाच्या आधीची. जितकी जुनी तितकी उंची. विलायतेत नातवाच्या लग्नासाठी आजोबा बाटली ठेवून जातो."

या बाटल्या ठेवायच्या कुठे, यावर त्यांनी फार विचार केला, आणि विचार एवढाच, की येणाऱ्याला त्या दिसल्या पाहिजेत. दिवाणखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर काचेचं कपाट होतं. त्यात त्यांनी बाटल्या शिपायांसारख्या उभ्या केल्या. वर पत्र्याचं छप्पर. सोलापूरचा वैशाख ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. दुपारी त्या खोलीत आम्ही माणसं बसू शकत नव्हतो. बाटल्या बसल्या, दोन उन्हाळे.

खास प्रसंगी उघडायची, असं ठरलं होतं. थोरला मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा दाजींनी कपाट उघडलं, एक बाटली हातात फिरवली आणि परत ठेवली. मॅट्रिक तर कोणीही होतं, म्हणाले. मग मुलीचं लग्न झालं. लग्नाला बार्शीहून त्यांचे थोरले भाऊ आले होते. बार्शीत त्यांची धान्याची अडत होती. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच धाकट्याला पुण्याला ठेवून वकील केलं होतं. अंगात बंडी, खांद्यावर उपरणं, बोलणं मोकळं.

वऱ्हाड गेल्यावर ते दिवाणखान्यात टेकले आणि कपाटाकडे बघत राहिले.

"काय रं, ह्येच का ते? लई ऐकलंय की ह्याच्याबद्दल."

"हो. जुनी वाईन आहे."

"मग पोरीच्या लग्नाला न्हाय, तर कवा फोडणार?"

म्हाताऱ्याला प्यायची नव्हती. आयुष्यात त्यांनी विड्याखेरीज कशाची चव घेतली नव्हती. नुसती भावाची थट्टा चालली होती. पण दाजी गंभीरपणे म्हणाले, "दादा, ही ज्याच्या-त्याच्या तोंडची वस्तू नाही. कळणारा माणूस लागतो."

दादा थोडे हसले. पानाचा डबा बंद केला, उपरणं झटकलं आणि अक्काला म्हणाले, "येतो गं बाई." संध्याकाळपर्यंत थांबणार होते, ते दुपारच्याच गाडीने बार्शीला गेले. दाजींनी त्यांना दारापर्यंतसुद्धा पोचवलं नाही.

कळणारा माणूस अखेर सापडला. एका बड्या गोऱ्या साहेबाने चहाला येण्याचं कबूल केलं. चहाचं निमंत्रण वाईनचं कसं झालं, ते दाजींनाच ठाऊक. शहरातले चार वकील, दोन डॉक्टर आणि एक कापडवाले शेटजी बोलावले गेले. दादांना कळवलंसुद्धा नाही.

दाजींनी स्वतः बूच काढायला घेतलं. ते वाळून भुगा झालं होतं. अर्धं बाहेर आलं, अर्धं आत पडलं. ओतताना रंग तांबडा नव्हता, विटेच्या धुवणासारखा होता, आणि वास खोलीभर पसरला. तो वास मी ओळखला. आमच्या गावी उसाचा रस मडक्यात विसरला की तसाच येई.

साहेबांनी ओठ लावले. क्षणभर त्यांचा चेहरा हलला नाही. राज्य करणाऱ्यांना एवढं येतंच. मग ते इंग्रजीत म्हणाले, "अशी वाईन मी आजवर कधी चाखली नव्हती. बाकीच्या बाटल्या तुम्ही कुणालाही देऊ नका, वकीलसाहेब. स्वतःसाठीच ठेवा." आणि लिंबू-सोडा मागितला.

दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी ते वाक्य सर्वांना मराठीत करून सांगितलं. मग ती सगळी शिकलेली माणसं पेल्यांवर तुटून पडली. एका डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ते म्हणाले, "वा, काय मुरलीय." शेटजींनी तोंड वेडंवाकडं करत दुसऱ्यांदा मागितली. मी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. निव्वळ आंब होती. सोबत बुचाचा भुगा.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "दाजी, ही आंबलीय. साहेब तुमची थट्टा करून गेले."

"तुझ्या जिभेला ताकाची सवय," ते म्हणाले. "तू आणि दादा एका माळेचे मणी."

अक्का दाराआडून सगळं बघत होती. पेले उचलताना ती हळूच म्हणाली, "एवढी मोठाली माणसं, पण एकालाही थुंकायचं धैर्य झालं नाही बघ."

पुढच्या आठवड्यात काही कामाने मी त्यांच्या कोर्टात गेलो. समोर एक तेलुगू विणकर उभा होता. ताडी पिऊन रस्त्यात गात होता म्हणून पोलिसांनी धरून आणलेला. दाजींनी त्याला व्यसनाबद्दल लांबलचक उपदेश केला. तुम्हा लोकांना पिण्यातलं काय कळतं, असंही म्हणाले. त्या बिचाऱ्याला मराठी धड समजत नव्हतं. तो प्रत्येक वाक्याला हात जोडत होता. त्याने निदान गाणं म्हणण्याइतकी बरी चीज प्यायली होती.

त्याच महिन्यात मी सात रस्त्याजवळ खोली घेतली. अक्काला कारण सांगितलं, शाळा जवळ पडते. तिने डबा भरून दिला. दिवाळीला मी बार्शीला दादांकडे गेलो.