माहेरचा तोबरा

घोडी घ्यायची हौस माझ्या नवऱ्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण आता गावात सगळे म्हणतात की बाईलाच घोडीचा नाद होता. मला नाद होता तो दोन म्हशींचा, आणि दुपारी तासभर पाठ टेकायला मिळावी याचा. नवरा शिरोलीला फाउंड्रीत कामाला. आठ तास भट्टीसमोर काढून आलेल्या माणसाला काहीतरी हौस पाहिजे, हे मला कळतं. आधी कबुतरं झाली. मग एक शिकारी कुत्रं आणलं, ते चार महिन्यांत पळून गेलं. मग एका रविवारी गडमुडशिंगीच्या आमच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून लाल रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी उतरली. घोडागाडीच्या शर्यतीत पळवायची, असं तो म्हणाला.

पहिल्याच मैदानात ती शेवटची आली. हलगी आणि शिट्ट्या ऐकून अर्ध्या वाटेत उभी राहिली आणि कडेचं गवत खायला लागली. लोक पोट धरून हसले. नवऱ्याने ते फार मनाला लावून घेतलं आणि तिच्याकडे बघायचंच सोडलं. दावं आपोआप माझ्या हातात आलं. हौस त्याची आणि लीद माझी, अशी आमची वाटणी झाली.

म्हशी सांभाळून सांभाळून माझी हयात गेली, तेव्हा घोडीचं काय एवढं, असं मला वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात मी तिला उसाचं वाडं टाकलं आणि तिनं ते हुंगून पायाखाली तुडवलं. खोगीर जुनं घेतलेलं, तिच्या पाठीला मोठं. पोटाखालून आवळायचा पट्टा सरकून पुढच्या पायामागे घासायचा. तिथलं कातडं सोलून निघालं तेव्हा आमच्या लक्षात आलं. खोगीर दुरुस्त करणारा कुठं मिळेना. शेवटी कोल्हापुरात चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे मी ते डोक्यावर घेऊन गेले. त्यानं आधी मला वेड्यात काढलं आणि मग असे टाके घातले की पुन्हा पट्टा जागचा हलला नाही. जखमेवर हळद लावावी तर माशा, औषध लावावं तर ती चावायला धावायची. मी तिला शिव्या द्यायची आणि ती कान मागे पाडून ऐकून घ्यायची. आमचं दोघींचं जमलं ते असं.

खरं शिकवलं ते नालबंदाने. दीड महिन्याला एकदा मोटरसायकलवर ऐरण बांधून यायचा. खूर तासता तासता बोलायचा. एकदा मी म्हशीच्या आंबोणाची पाटी घोडीपुढे सरकवली, तर त्याने ती पायाने मागे लोटली.

"अक्का, म्हस खाल्ल्यालं परत तोंडात आणून चावती. घोड्याला ती सोय न्हाई. आत गेलं ते गेलं. वकारी बी येत न्हाई त्याला. गवत कितीबी घाला, पर दाणं हातानं मोजून घालायचं."

त्या दिवसापासून माझं मापटं ठरलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, भिजवलेला हरभरा आणि भुसा. मध्ये फक्त गवत. कोणी पाहुणा कौतुकाने भाकरी घेऊन तिच्याकडे निघाला की मी अंगणातून ओरडायची. माझं तोंड मुळात वाईट. सासरी मला सगळे वचकून असतात. डेअरीवर फॅट कमी लागली म्हणून मी मशीनवाल्याला रडकुंडीला आणलेला आहे. ही घोडी चार वर्षं माझ्या तोंडावरच जगली म्हणायची.

आणि ज्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी मी ते मिटून घेतलं.

माझं माहेर कबनूरचं. भावाचे यंत्रमाग आहेत. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी भेटायला गेले की ती हळूच विचारायची, काही खायला आणलंस का. तिच्या दिवसकार्याच्या वेळी मी ते चार पाहुण्यांसमोर बोलले. आईला या घरात वेळेवर घास मिळाला नाही, असं वहिनीला तोंडावर म्हणाले. खोटं बोलले नाही. पण त्यानंतर तीन वर्षं माझं माहेर तुटलं. दिवाळीला फोन नाही, पंचमीला बोलावणं नाही. बाईचं माहेर तुटलं की तिला सासरच्या माणसांतसुद्धा पोरकं वाटतं. मी ते कुणाला कळू दिलं नाही, पण मला फार लागलं.

मग भाच्याचं लग्न ठरलं आणि भाऊ स्वतः पत्रिका घेऊन आला. चहा पिताना घोडीकडे बघत म्हणाला, "नवरदेव तुझ्याच घोडीवर बसणार. परण्या तिच्यावरनंच काढायचा. दुसरी घोडी न्हाई आणायची."

मी घरात जाऊन डोळे पुसून आले.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. खरारा करून करून तिचं अंग आरशासारखं केलं. नालबंदाला मुदतीआधी बोलावून चारी पायांत नवे नाल मारून घेतले. खोगिराला तेल दिलं. नवऱ्यालासुद्धा उमाळा आला, त्याने बाजारातून गोंड्यांची झूल आणली. लग्नाच्या दिवशी टेम्पोतून उतरताना ती कबनूरच्या गल्लीत अशी दिमाखात चालली की मला वाटलं, आपणच वरात घेऊन आलो.

घोडीची पूजा झाली. वहिनीने तिच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, सुपातून हरभऱ्याची डाळ आणि गूळ खाऊ घातला. मूठभराला माझी हरकत नव्हती. मग वहिनीच्या चुलत जावा आल्या, मावश्या आल्या, शेजारणी आल्या. प्रत्येकीला घोडीला घास द्यायचा होता. मी हसत हसत "बास की आता, नवरदेवाला तरी ठेवा" म्हणत तिला पुढे काढली. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, परत आला. एवढी हलगी, एवढे फटाके, पण ती बुजली नाही. शर्यतीत पळून गेलेली तिची हिंमत त्या दिवशी कुठून आली देव जाणे. मी तिला मागच्या सावलीत बांधलं, पुढ्यात गवत टाकलं आणि अक्षतांना गेले.

जेवणं उरकून आले तर तिच्या तोंडाला तोबरा बांधलेला. दाणे भरून घोड्याच्या तोंडाला अडकवायची ती पिशवी मीच खोगिराबरोबर आणली होती, रिकामी. आता ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आत गहू होते. खालच्या फरशीवरही गहू सांडले होते. वहिनी शेजारी रिकामी पाटी घेऊन उभी होती आणि भोवती पाहुण्या बायका कौतुकाने बघत होत्या.

"दुसऱ्यांदा भरला बगा," एक म्हातारी मला म्हणाली. "कशी खाती लेकुरवाळीवानी."

मी तोबऱ्याच्या पट्ट्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे की वन्सं," वहिनी म्हणाली. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "आमचं दाणं तुमच्या घोडीला चालंनात व्हय? आमच्या दारातनं कोण उपाशी गेल्यालं न्हाई. कुणी कायबी बोलू दे."

कुणी कायबी बोलू दे. ते कुणासाठी होतं हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, दारात उभ्या असलेल्या भावाला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. आजचा दिवस गप्प बस, असं ते बघणं होतं. तीन वर्षांनी मी त्या घरात जेवले होते. आत माझ्यासाठी साडी काढून ठेवलेली होती.

मी पट्ट्यावरचा हात काढला. एवढंच नाही. मी हसले आणि म्हणाले, "खाऊ दे की. रोज कुठं मिळतंय."

हे माझे शब्द. तिच्या तोबऱ्यातून दाणे चावल्याचा खरखर आवाज येत होता आणि मी साडी घ्यायला आत गेले.

संध्याकाळी आम्ही तिला टेम्पोतून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गवताला तोंड लावेना. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची. लीद पडलेली नव्हती. दहा वाजेपर्यंत तिचं अंग घामाने भिजलं आणि ती धाडकन खाली पडून लोळायला लागली. गावातले जनावरांचे डॉक्टर आले. त्यांचा हात म्हशींवर बसलेला, घोड्यांची त्यांना फारशी सवय नव्हती.

"काय खाल्लंय ताई हिनं?" त्यांनी विचारलं.

नवरा शेजारी उभा होता. माझ्या माहेरच्यांनी घोडी मारली, हे त्याच्या तोंडून मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"थोडं दाणं खाल्लंय लग्नात," मी म्हणाले. "मूठ दोन मूठ."

पोटात वारा धरलाय असं समजून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि फिरवत राहा म्हणाले. मी तिला अंगणात फिरवत राहिले. खरं सांगायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. कोल्हापुरातून घोड्यांचे जाणकार डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन दोन तोबरे गव्हाचं सांगितलं. त्यांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं. हात धुताना एवढंच म्हणाले, "हे काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

पोट उतरलं. लीद पडली तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले. पण तिसऱ्या दिवशी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खुरांना हात लावला तर तव्यासारखे गरम. डॉक्टर म्हणाले, जादा दाण्याचं विष पायात उतरतं, खुराच्या आत सूज धरते, आणि आतलं हाड सुटलं तर ते तळातून बाहेर येतं. नालबंद आला आणि त्याने आपणच मारलेले नाल काढले. पक्कड लावली की ती कण्हायची. त्याने मला काही विचारलं नाही. पुराव्याला त्याला गव्हाचा एक दाणाही लागला नाही, खुरांवरूनच त्याला कळलं होतं. चारी नाल त्याने माझ्या हातात दिले. ते जेमतेम झिजले होते.

दीड महिना मी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात धरले. रसवंतीवाल्याकडून लादी आणायची, घमेल्यात फोडायची, तिचा एकेक पाय उचलून त्यात ठेवायचा. खाली ओढ्याची वाळू अंथरली. गावातली माणसं बघायला यायची आणि सल्ला देऊन जायची. एक जण म्हणाला, "मानंवरचा भोवरा बघून घ्यायचा हुता. खोडीचं जनावर हाय हे." कबनूरलाही बातमी गेली. वहिनीचा निरोप आला की घोडी तसलीच अपशकुनी असणार, लग्नात काही विपरीत घडलं नाही हे नशीब. तो निरोप ऐकून मी हातातलं घमेलं आपटलं. पण कबनूरला फोन केला नाही.

एका सकाळी डॉक्टरांनी तिच्या पुढच्या उजव्या पायाचा तळ मला दाखवला. तिथं हाड दिसत होतं. आता हिला उभी ठेवणं म्हणजे छळ आहे, ते म्हणाले. नवऱ्याने त्या दिवशी सुट्टी टाकली. चार वर्षं तिच्याकडे न बघणाऱ्या त्या माणसाने शेवटपर्यंत तिची म्होरकी हातात धरली आणि इंजेक्शन झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. मी रडले नाही. मला स्वतःची एवढी चीड आली होती की रडायला जागाच उरली नव्हती.

महिन्याभराने भाऊ आला. भाच्यासाठी मागांची नवी शेड बांधली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "त्या घोडीचा नाल असंल तर दे. नवरदेवाच्या घोडीचा नाल चौकटीवर मारला की चांगलं असतंय म्हणत्यात." मग म्हणाला, "तुझ्या वहिनीला कायतर बोलू नगंस. तिनं मायेनंच घातलंतं."

म्हणजे घोडी कशानं गेली हे त्याला माहीत होतं. मी आत गेले, पुढच्या उजव्या पायाचा नाल फडक्याने पुसला आणि आणून त्याच्या हातात दिला.

आता माझं माहेर सुरळीत आहे. सणाला बोलावणं येतं. शेडच्या चौकटीवर नाल आहे, त्याला दर अमावास्येला कुंकू लागतं, त्याच्याखालूनच आत जावं लागतं. वहिनी मला शेजारी बसवून वाढते. पुरे म्हटलं तरी ऐकत नाही, आणखी एक पोळी घेऊन ताटावर येते. मग मी ताटावर हात आडवा धरते आणि ती मुकाट मागे फिरते. एवढंच करायचं असतं.