शुक् शुक्

वडील परमिट रूममध्ये वेटर होते. गिऱ्हाइकांचा उरलेला चखणा ते घरी आणत आणि कधीकधी तेच आमचं जेवण असे.

पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, बरेच बार पाहिले. कॉलेजजवळचा पत्र्याचा, हायवेवरचा झगमगता, गालिचा अंथरलेला मोठ्या हॉटेलातला. दिवे बदलतात, ग्लास बदलतात. वेटरला शुक् शुक् करून बोलावणं मात्र सगळीकडे तेच. शिकलेल्यांची ही कसली रीत?

एकदा ऑफिसातल्या सतीशनं एका म्हाताऱ्या वेटरला तशीच शुकशुक केली. माझं डोकंच फिरलं.

"कुत्रं बोलावतोयस का रे?"

"एवढा का तापतोस? तुझा कोण लागतो तो?"

"माझा बाप हेच काम करायचा. त्यावरच मी बी.ए. झालो."

सतीश त्या वेटरकडे वळून म्हणाला, "काका, जरा बर्फ देता का?"

आमच्या टेबलावर आता कुणी शुकशुक करत नाही.