एकट्याला सोडू नये

भगवंतराव बिरादारांचं सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं. ते सरकारी बसचे ड्रायव्हर होते. सकाळी हैदराबादहून निघायचं, झहीराबाद, बिदर करत उदगीरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. वाटेतल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला त्यांच्या चहात किती साखर लागते ते ठाऊक होतं. उमाजी त्यांचा कंडक्टर. दोघांची जोडी इतकी वर्षं टिकली, की डेपोतले लोक थट्टेनं म्हणायचे, यांचं एकमेकांशी लग्नच लागलंय.

निवृत्तीनंतरही भगवंतराव मलकपेठेतच राहिले. त्याच दोन भाड्याच्या खोल्या, त्याच गल्लीत उमाजीचं घर. मग मुलानं, प्रशांतनं, कुकटपल्लीच्या पुढं एका नव्या वसाहतीत मोठा फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना घेऊन गेला. प्रशांत एका सॉफ्टवेअर कंपनीत, त्याची बायको अपर्णाही तिथंच. अपर्णा पुण्याची, स्वभावानं चांगली. त्यांची मुलगी तन्वी सातवीत.

वसाहत खरोखरच विचार करून बांधलेली होती. उंच इमारती, मधे हिरवळ, खेळताना मुलं पडली तरी लागू नये अशी रबराची जमीन. दवाखाना, किराणा, देऊळ, वाचनालय, सगळं आत. पाणी चोवीस तास. लिफ्ट कधी बंद पडलीच, तर माणूस धावत येई. प्रशांत पाहुण्यांना दाखवताना म्हणायचा, "बाहेर जायची गरजच पडत नाही."

भगवंतरावांना नेमकं तेच खुपायचं, पण बोलायचं कसं? कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. ते सकाळी चालायला उतरत. चालण्याच्या वाटेवर पांढरे बाण काढलेले होते. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. दुसऱ्या फेरीला तीच झाडं, तीच बाकं, तेच कारंजं. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्या काचेसमोरून गावामागून गाव मागं गेलं, त्या माणसाला गोल फिरून जिथून निघालो तिथंच पोचायचं, हे काही झेपेना. म्हणून दोन-चार दिवसांनी ते गेटबाहेर पडत. मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत बसस्टॉपपर्यंत जात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत आणि परत येत.

सुशीलाबाईंचं मात्र उलट झालं होतं. त्यांचं जणू नवं आयुष्य सुरू झालं होतं. सकाळी योगासनांचा वर्ग, संध्याकाळी बाकावर बायकांचा घोळका. त्यात दोघी तेलुगू, एक पंजाबी, एक बंगाली. आयुष्यभर खालमानेनं बोलणाऱ्या सुशीलाबाई त्या घोळक्यात मोठ्यानं हसत. पहिल्यांदा ते हसणं कानावर आलं तेव्हा भगवंतरावांनी दुसरंच कोणी असेल म्हणून वळून पाहिलं होतं.

उन्हाळ्यात एक दिवस भगवंतराव असेच बाहेर गेले. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि नाश्ता राहून गेला होता. रस्त्यात साखर उतरली. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते दुभाजकावरच बसले. एका स्कूटरवाल्या पोरीनं पाणी पाजलं, खिशातल्या फोनवरून घरी कळवलं. दवाखान्यात नेलं, तपासलं, काळजीचं काही नव्हतं. घरात कोणी रागावलं नाही. अपर्णानं फक्त बिस्किटांचा पुडा त्यांच्या फिरायच्या पिशवीत ठेवला.

बरं वाटल्यावर ते पुन्हा गेटवर गेले. पहारेकरी अप्पाराव ओळखीचा. रोज सलाम ठोकायचा. त्या दिवशी त्यानं हातातल्या फोनकडं पाहिलं आणि संकोचला.

"अंकल, अकेले नक्को जाओ. सर को एक फोन करते क्या?"

"क्यों? मैं क्या पहली बार जारऊं?"

"इधर लिखेला है," अप्पाराव हळूच म्हणाला.

त्यानं फोनचा पडदा त्यांच्याकडं वळवला. घरातल्या सगळ्यांची नावं होती. तन्वीच्या नावापुढं आणि त्यांच्या नावापुढं सारखीच लाल खूण होती. एकट्याला सोडू नये. त्यांच्या पाठीमागून त्यांच्याच इमारतीतले एक गृहस्थ कार्ड दाखवून बाहेर पडले. भगवंतराव म्हणाले, "हौ, हौ, मैं तो ऐसेच आया था," आणि माघारी वळले.

घरी ते काही बोलले नाहीत. मुलाला जाब विचारायचा, तर आधी आपल्याला अडवलं हे सांगावं लागलं असतं. ते त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. फोन घरी चार्जिंगला लावायचा आणि खाली बाकावर जाऊन बसायचं. तिथून कुंपणापलीकडचा रस्ता दिसत नसे, पण गाड्यांचा आवाज येई. आवाजावरून बस कुठली, ट्रक कुठला, हे त्यांना कळायचं. गिअर चुकीचा पडला तर त्यांचा डावा हात आपोआप हलायचा.

असे बरेच दिवस गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की उमाजीचा फोन आलेला नाही. त्यांनीच लावला.

"काय रे, जिवंत हायस का?"

उमाजी म्हणाला, "मी आलो होतो की तुझ्या गेटवर. नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन."

"कधी?"

"झाले चार-पाच दिवस. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. गेटवाल्यांनी तुझ्या पोराला निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. माझा फोटो काढला, नाव लिहून घेतलं आणि बाजूला बस म्हणाले. बसलो उन्हात. मग उठून आलो."

"उमाजी, मला खरंच..."

"ऱ्हाऊ दे. मोठ्या माणसाच्या घरी असंच असतंय." फोन बंद झाला.

भगवंतरावांनी तसेच बूट चढवले. सुशीलाबाई खाली मैत्रिणींत होत्या. ते तडक गेटवर गेले. अप्पारावनं अडवलं, तसे ते ओरडले. इतकी वर्षं गाडी चालवताना कोणाला शिवी न देणारा माणूस त्या गरीब पोटार्थी माणसावर ओरडला. मागं दोन मोटारी येऊन थांबल्या, हॉर्न वाजू लागले. अप्पारावनं घाबरून प्रशांतला फोन लावला. तो लगेच लागला. स्पीकरवर मुलाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आबांना वर पाठवून दे. मी आल्यावर बघतो."

वर पाठवून दे. कुरिअरवाल्यानं आणलेल्या खोक्यांबद्दलही प्रशांत हेच म्हणायचा. भगवंतराव वळून लिफ्टकडं चालू लागले.

संध्याकाळी प्रशांत लवकर आला. तन्वीला आत पाठवलं गेलं. भगवंतराव सोफ्यावर बसले होते, पायातले बूट अजून काढले नव्हते.

"तुझ्या घरात राहतो म्हणून मला पोराबाळांच्या यादीत टाकलंस?" त्यांनी विचारलं. "न विचारता? आणि उमाजीला उन्हात बसवलंस."

"उमाजीकाकांचं मला माहीत नव्हतं, आबा. मी मीटिंगमध्ये होतो, निरोप येऊन निघून गेला. माझी चूक आहे." प्रशांत खरोखर ओशाळला होता. "पण गेटचं..." तो थांबला आणि आईकडं बघू लागला.

"त्याला नका बोलू," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं त्याला."

भगवंतरावांना आधी नीट कळलंच नाही. "तू?"

"हो, मी. तुम्ही दुभाजकावर सापडलात म्हणून त्या पोरीचा फोन आला, त्याच दिवशी मी त्याला गेटवर कळवायला लावलं." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, पण आवाज हलत नव्हता. "तुम्ही गाडीवर जायचात. मी कुठं होते? मलकपेठेच्या त्या दोन खोल्यांत. सासूबाई अंथरुणाला, पाणी दिवसाआड. गाडीला उशीर झाला की दाराला टेकून उभी. झहीराबादेजवळ तुमच्या गाडीला ट्रक घासला, तेव्हा दोन दिवस कोणी मला धड काही सांगितलं नाही. तुम्ही हाताला पट्टी बांधून हसत आलात. उमाजीरावही हसत होते. मला नाही हसू आलं."

"ते जुनं झालं, सुशीला."

"तुमच्यासाठी झालं. आता या वयात मला वाट बघायची नाही. मी इथं सुखात आहे. पहिल्यांदाच."

"म्हणून मला कोंडून ठेवायचं?"

सुशीलाबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"हो," त्या म्हणाल्या. "तसं म्हणायला बरं नाही वाटत. पण हो."

भगवंतरावांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मुलावर चिडणं सोपं होतं. हिच्यावर कसं चिडणार? ते मनाशी हिशेब मांडू लागले, तर मांडता येईना. हवा तोंडावर घेत आपण गावोगाव फिरलो, त्या सगळ्या वर्षांत ही बाई बाजारापलीकडं एकटी कधी गेली होती? मलकपेठेला परत जाऊ म्हणावं, तर तिथं हिला कसं न्यायचं? आणि इथं राहावं, तर दिवस संपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीलाबाईच चांगलं लुगडं नेसल्या. "चला," त्या म्हणाल्या. "उमाजीरावांकडं मी येते तुमच्याबरोबर."

गेटवर अप्पारावनं एकदा भगवंतरावांकडं, एकदा बाईंकडं पाहिलं. "अम्मा साथ में हैं तो कुछ नै," म्हणत त्यानं दांडा वर केला. भगवंतराव त्याला म्हणाले, "कल का माफ करना भई." तो नुसता मान डोलवून हसला.

रिक्षानं स्टेशनपर्यंत आणि तिथून मेट्रोनं थेट मलकपेठ. सरकत्या जिन्यावर सुशीलाबाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. गाडीत ते खिडकीला चिकटून उभे राहिले. खाली रस्ते, चौक, वाहनांची दाटी. कुठल्या चौकात कुठून घुसावं लागायचं, ते त्यांना सांगावंसं वाटलं. त्यांनी सांगितलं आणि सुशीलाबाईंनी ऐकलं. इतक्या वर्षांत हा विषय दोघांत कधी निघाला नव्हता.

उमाजी तिसऱ्या मजल्यावर राहायचा. जिना अरुंद. सुशीलाबाई गुडघ्यावर हात टेकत, थांबत थांबत चढल्या. दारात उमाजी म्हणाला, "या वहिनी, बसा." भगवंतरावांकडं त्यानं पाहिलंही नाही.

चहा आला. मग उमाजीच बोलला. "मी कंडक्टर. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून किती जणांना मधेच उतरवलं असंल मी. उतरवल्यावर माणसाला कसं वाटतंय, ते त्या दिवशी कळलं बघ."

"चुकलं आमचं," भगवंतराव म्हणाले.

"तू काल लगेच का नाही आलास? एकटा येतोस की नेहमी."

सुशीलाबाईंचा कप ओठाशीच थांबला. भगवंतरावांनी त्यांच्याकडं न बघता सांगितलं, "हिलाबी यायचं होतं. म्हणून थांबलो."

उमाजीनं पत्रिका काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि सुशीलाबाईंच्या हातात दिली.

परतताना सुशीलाबाई मेट्रोत बसल्या बसल्या गुडघे दाबत होत्या. "दर वेळी नाही जमायचं मला," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

प्रशांतनं नंतर एकदा वडिलांना एकीकडं घेऊन म्हटलं, "आई हो म्हणाली, की मी लगेच ती खूण काढतो." भगवंतरावांनी त्याला आईला विचारायला सांगितलं नाही, आणि सुशीलाबाईंनीही आपणहून विषय काढला नाही. ते पुन्हा बाणांच्या दिशेनं फिरू लागले. ज्येष्ठ मंडळींच्या पत्त्यांच्या टेबलावर एक जागा मोकळी होती, तिथं कधीमधी बसू लागले. पत्ते बरे खेळायचे, पण डाव अर्धा झाला की उठून खिडकीशी जायचे.

लग्नाला सगळे मोटारीनं गेले. पंगत उठल्यावर उमाजीनं त्यांना मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून दिली.

"कसं हाय तिकडं? खरं सांग."

भगवंतरावांनी मांडवात नजर फिरवली. सुशीलाबाई नव्या नवरीशी काहीतरी बोलत होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या.

"पाणी चोवीस तास असतंय," ते म्हणाले. "दवाखाना खालीच. पोरगी सुखानं खेळते. सुशीला लई खूश हाय."

"आणि तू?"

तेवढ्यात प्रशांत मोटारीची किल्ली हातात घेऊन आला. तन्वीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, निघायला हवं होतं. उमाजी मोटारीपर्यंत सोडायला आला. दार लागायच्या आधी म्हणाला, "मी काय आता तिकडं यायचा नाही, सांगून ठेवतो."

"नको येऊस. मी येतो."

पलीकडच्या सीटवरून सुशीलाबाई वाकल्या. "येऊ आम्ही, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि प्रशांतनं गाडी सुरू केली.