गार्गीला गहू चालत नाही

लोक सहलीहून आले की डोंगर, देवळं, समुद्र असे फोटो दाखवतात. माझ्या मोबाइलमध्ये हिंगाच्या डब्यांचे फोटो आहेत. मागची बाजू, बारीक अक्षरं, झूम केलेली. दर सुट्टीत दोन-तीन किस्से जमतातच. आता सांगताना लोक हसतात, पण त्या त्या वेळी आमच्यातलं कोणीही हसत नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते!

आमची गार्गी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गव्हात ग्लूटेन नावाचं जे प्रथिन असतं ते तिच्या आतड्याला सोसत नाही. पोळी, ब्रेड, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. कायमचं! त्यात आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. घरी काही अडत नाही. बिबवेवाडीत राहतो, मार्केट यार्ड जवळ, ज्वारी-नाचणी हवी तेवढी. त्रास सुरू होतो तो कात्रजचा बोगदा ओलांडला की!

* * *

कोकणातलं एक झकपक रिसॉर्ट. बुकिंग करताना मी दोनदा फोन केला होता, ई-मेल केला होता, आणि पोचल्यावर थेट शेफना भेटायचं म्हणून हटून बसले. उंच टोपी घातलेले शेफ हसतमुखाने बाहेर आले.

"मॅडम, बिनधास्त राहा. ग्लूटेन आम्ही वापरतच नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के! मालकांची सक्त ताकीद आहे. अजिनोमोटो नाही, ग्लूटेन नाही, खायचा रंग नाही."

मला इतकं हायसं वाटलं! मग टोमॅटो सूप आलं. चमचा उभा राहील इतकं घट्ट. मी गार्गीचा हात धरला आणि विचारलं, "हे घट्ट कशानं झालंय?"

"थोडा मैदा लावलाय, मॅडम. पण एकदम फ्रेश!"

* * *

माझा नवरा मिलिंद खराडीत आयटीमध्ये आहे. प्रत्येक प्रॉब्लेमला सोल्यूशन असतंच, यावर त्याची श्रद्धा आहे. त्यानं शोधलेलं सोल्यूशन असं: ग्लूटेन वगैरे शब्दच काढायचा नाही. "मुलीचा उपवास आहे" म्हणायचं!

आणि काय सांगू, चाललं! नाशिकला आम्ही तीन दिवस एकाच हॉटेलात जेवलो. जे वेटर "मैदा नको" म्हटलं की खांदे उडवतात, तेच उपवास म्हटल्यावर हात धुऊन येत होते. साबुदाणा वेगळा, कढई वेगळी, तेल वेगळं. मिलिंद माझ्याकडे असा बघायचा, जसं काही औषधच शोधून काढलंय.

तिसऱ्या दिवशी गार्गी साबुदाण्याला कंटाळली. "बाबा, मला पावभाजीतली नुसती भाजी हवी."

वेटरचं पेन थांबलं. "उपवासाला कांदा-लसूण?"

"लहान आहे हो ती," मिलिंद म्हणाला, "तिला चालतं."

"मग पाव पण चालेल की!"

मिलिंदनं मेनूकार्ड मिटलं आणि पुन्हा साबुदाणाच मागवला.

* * *

रेल्वेत समोरच्या बर्थवर एक काकू होत्या. शंकरपाळ्यांचा भलामोठा डबा. मी तीनदा हात जोडून नाही म्हटलं, कारणही सांगितलं. "अहो, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!" हे त्यांचं उत्तर. मी बेसिनपाशी हात धुवायला गेले. परत येते तर काकू गार्गीच्या हातात शंकरपाळा कोंबतायत. "खा गं, आई नाहीये तोवर. एकानं काय होतंय?"

गार्गीनं तो शंकरपाळा नीट बघितला आणि शांतपणे विचारलं, "काकू, उलटी तुमच्या बर्थवर झाली तर चालेल?"

अस्सल पुण्याची आहे. मी रागावणार होते, पण राहून गेलं.

* * *

आता सासूबाई. सुरुवातीला त्यांचा या दुखण्यावर विश्वासच नव्हता. नागपूरला नातेवाइकांकडे सत्यनारायण होता. माझी नजर चुकवून त्यांनी गार्गीच्या तोंडात प्रसादाचा शिरा घातला. "देवाचं आहे. चिमूटभरानं काय होतंय!"

तासाभरात पोर वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी ताडोबाला जायचं होतं. ते राहिलं. गार्गी दोन दिवस पोट धरून अंथरुणात, आणि सासूबाई तिच्या उशाशी, पाणी पाजत. मी बाहेर ताडोबाचं बुकिंग रद्द करत बसले. बोलले असते तर थांबले नसते.

त्यानंतर कोल्हापूरकडच्या एका देवस्थानाच्या भक्तनिवासात गेलो होतो. मी बॅगा ठेवून येईपर्यंत सासूबाई चष्मा लावून थेट स्वयंपाकघरात!

"आमटीत काय आहे?"

आचारी म्हणाले, "डाळ आहे, आजी. नुसती डाळ."

"हिंग?"

"असेल चिमूटभर."

"चिमूटभर मला सांगू नका! हिंगात पीठ मिसळलेलं असतं. डबा आणा, वाचते."

आचारी वैतागले. "तुम्ही काय फूड इन्स्पेक्टर आहात का?"

"नाही, तिची आजी आहे. इन्स्पेक्टर परवडला!"

* * *

मागच्या वर्षी नणंदेकडे लंडनला जायचं ठरलं. विमानातल्या जेवणासाठी फोन लावला.

"शाकाहारी की ग्लूटेन-फ्री, मॅडम?"

"दोन्ही."

"सिस्टिम एकच घेते."

"बरं, ग्लूटेन-फ्रीमध्ये काय असतं?"

"चिकन."

"आणि शाकाहारीत?"

"पास्ता."

"अहो, मग माझ्या मुलीनं खायचं काय?"

बराच वेळ की-बोर्डचा आवाज येत राहिला. मग तो माणूस मोठ्या उत्साहानं म्हणाला, "मॅडम, डायबेटिक मील आहे. देऊ का?"

* * *

आणि हा यंदाच्या मे महिन्यातला. भोरच्या पुढे, घाट लागायच्या आधी आमची गाडी तापून बंद पडली. ती दुरुस्त होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. घरून आणलेला दहीभात उन्हानं आंबला होता. गार्गी सकाळी सातपासून उपाशी, डोळ्यांत पाणी.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. आत साठीच्या एक मावशी परातीत कणीक मळत होत्या. मी थकल्या आवाजात नेहमीचं सुरू केलं, "मावशी, हिला गव्हाचं बाधतं. चपाती चालत नाही, रवा चालत नाही, मैदा..."

"काय चालत न्हाई ते ऱ्हाऊ द्या. काय चालतंय ते सांगा."

मला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी अडखळत म्हटलं, "भात चालतो... डाळ... ज्वारी..."

"ज्वारीचं पीठ गिरणीतलं हाय. गव्हावर दळलं आसंल तर?" त्यांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "नको. भातच टाकते. आन् नुसतं हळद-मिठाचं वरण."

मग त्यांनी कणीक झाकून बाजूला सारली, कोपरापर्यंत हात धुतले, ओटा ओल्या फडक्यानं पुसला, पातेली पुन्हा घासून घेतली. मी काही न सांगता! गार्गीपुढे वाफाळतं ताट आलं आणि तेवढ्यात दारात जीप थांबली. आठ माणसं उतरली.

"मावशी, आठ चपाती-भाजी!"

"आत्ता चपाती न्हाई."

"अहो, ती काय कणीक दिसतेय!"

"दिसंना का. पीठ उडतंय. पोरीचं जेवान होऊ द्या."

"मग तोवर आम्ही काय करायचं?"

मावशींनी वरसुद्धा बघितलं नाही. "बसा. आजून भूक लागंल."

आठही जण समोरच्या बाकावर ओळीनं बसले आणि गार्गीच्या ताटाकडे बघत राहिले. गार्गीनं सावकाश वरण-भात कालवला, एकेक घास चावून चावून खाल्ला, ताट पुसून घेतलं आणि पुढे केलं.

"मावशी, अजून भात!"