चमच्यानं पाणी

बोटीनं कुठे जायचं ठरलं की नगरातली माणसं आधी माझ्याकडे येतात, तिकिटाचं मग बघतात. कोणाचा मुलगा शिकायला विलायतेला निघालेला असतो, कोणाची सून नवऱ्याकडे आफ्रिकेत. मी त्यांना बसवते, चहा देते आणि बोटीवर कसं राहायचं ते सगळं सांगते. लोक म्हणतात, शांताबाई फार मायाळू. तुम्हीही म्हणाल, म्हणून आधीच सांगून ठेवते — मायाळूपणा वगैरे काही नाही. त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितली नाही. ती वारली तेव्हा रडता रडता मनात आलं, चला, विचारणारं एक माणूस कमी झालं. बघा, अशी मी.

पण लगेच नाही जमणार. जरा वळसा घेऊ द्या.

केबिन मागाल तर बोटीच्या मधोमध मागा, टोकाला नको. टोकाला रात्रंदिवस झोपाळा. उपाशी राहू नका. लोकांना वाटतं पोटात काही नसलं की ओकारी होणार नाही. उलट आहे ते. कडक भाकरीचे तुकडे, चुरमुरे, काहीतरी कोरडं चघळत राहा. मळमळलं की डोळे मिटून आडवं पडू नका. वर डेकवर या आणि पाणी नि आभाळ जिथे मिळतं त्या रेघेकडे बघत उभे राहा. सगळं हलतं, ती रेघ हलत नाही. खाली रंगाच्या नि तेलाच्या वासात बसून राहिलात तर मेलातच म्हणून समजा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तेव्हा केस धुवायच्या फंदात पडू नका. आणि बरोबर लहान मूल असेल तर — ते शेवटी सांगते. ते मी नेहमी शेवटीच सांगते.

हे सगळं मला कुठून ठाऊक? सोनईजवळच्या एका खेड्यात माझा जन्म. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. गावात आमचं घर कुठल्या बाजूला होतं ते सांगितलं की ख्रिस्ती होण्याआधी आम्ही कोण होतो हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, म्हणून मी ते सांगायचंच सोडलं होतं. नगरच्या बोर्डिंगात इंग्रजी शिकले, दवाखान्यात आजारी मुलं सांभाळायला शिकले आणि मुंबईला एका गोऱ्या कुटुंबाकडे नोकरी मागायला गेले. मडमेला मुलांसाठी गोव्याची नर्स हवी होती. गावाकडच्या आया जमिनीवर निजतात, हातानं जेवतात, त्या तिला नको होत्या. तिनं नाव विचारलं. मी शांता म्हणणार होते. तोंडातून आलं — सांतोस. झालं. नेवासे तालुक्यातली शांता एका दमात गोव्याची मिस सांतोस झाली.

फ्रॉक शिवले, केस कापले. साहेबाचं काम मुंबईला आणि आफ्रिकेत मोंबाशाला, दोन्हीकडे, त्यामुळे दरवर्षी जाऊन-येऊन बोट ठरलेली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. खुर्चीवर बसून जेवण, निजायला स्वतःची खाट. आणि सगळ्यात मोठं सुख कोणतं म्हणाल तर — कुणाची गं तू, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नसे.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी त्या बोटीवर हौसा भेटली.

आपल्या नगरच्या कर्जतकडची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा मोंबाशाला रेल्वेत लागला होता, त्याच्याकडे निघालेली. सोबत नवऱ्याचा मामा होता, पण तो बिचारा बोट सुटल्यापासून खाली आडवा. कडेवर लेक, ठकू, तीनेक वर्षांची. खालच्या वर्गाचे उतारू दुपारी हवा खायला आमच्या डेकच्या टोकाला येत. मध्ये एक दोर बांधलेला असे. माझा चेहरा बघून ती दोराशी आली. म्हणाली, "ओ बाई, तुमी मराठी हाय का?"

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला पुढचा प्रश्न पाठ होता. कुठल्या गावच्या? त्याच्या पुढचा — कुणाच्या? तिथे मिस सांतोस संपली असती, आणि मडम शेजारच्याच खुर्चीत बसली होती. मी इंग्रजीत म्हटलं, मला तुझी भाषा समजत नाही.

"न्हाई व्हय? आसू द्या," ती म्हणाली आणि हसली.

समजत नाही म्हटल्यावर माणूस गप्प बसतं ना? ही कुठली बसायला! रोज दुपारी दोराशी यायची आणि गोठ्यातल्या गाईशी बोलावं तशी माझ्याशी बोलायची. निघताना सासूनं तोंड कसं फिरवलं, शेंगदाण्याची चटणी किती बांधून घेतली, मामा नुसता कण्हतोय नि सोबत म्हणे त्याची. ठकूला बाप ओळखेल का, ही तिची मोठी काळजी — तो गेला तेव्हा लेक पाळण्यात होती. "लई लांबून आनलीय म्हनावं, आता तरी वळख," असं ती समुद्राकडे बघून म्हणायची. मी चेहरा दगड करून उभी. आणि खरं सांगू? सकाळपासून मी दुपारची वाट बघायची. माझी आई तशीच बोलायची. कितीतरी वर्षांनी ते बोलणं कानावर पडत होतं आणि मी ते चोरून ऐकत होते. एकदा तिनं सासूची नक्कल केली तेव्हा मला हसू फुटलं, तर मी खोकल्याचं सोंग केलं. ठकू माझ्याकडे बघत राहिली. लहान पोरांना कळतं.

मग समुद्र खवळला. खालच्या उतारूंना वर येऊ देईनात, दारं लावून घेतली. आत काय हाल असतात ते मी मघाशी सांगितलंच आहे — अंधार, तेलाचा वास, सगळे ओकतायत. वारं पडलं तेव्हा हौसा वर आली. ठकू तिच्या खांद्यावर मान टाकून. समुद्र शांत झाला तरी पोरीची ओकारी थांबली नव्हती.

डॉक्टर आला. गोरा होता, स्वभावानं वाईट नव्हता. बरोबरच्या मदतनिसाला मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं. हौसा म्हणाली, "सायेब, पोरीच्या पोटात पानी ठरत न्हाई. कालधरनं लघवी न्हाई झाली." इतकं सरळ बोलत होती ती. पण नगरची बोली, त्यात घाबरून भरभर. मदतनिसाला त्यातला एकच शब्द समजला — पानी. तो डॉक्टरला म्हणाला, पाणी मागतेय. मोठा पेला भरून पाणी आलं. तहानलेलं लेकरू ते, घटाघटा प्यालं आणि घोटन्घोट पुन्हा बाहेर टाकलं. हौसा हात हलवून सांगत होती, तसं नाही, तसं नाही. आणखी एक पेला आला.

डॉक्टरला काहीतरी चुकतंय एवढं कळलं असावं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, हिची भाषा इथे कुणाला येते का? एकेकाकडे बघत त्याची नजर माझ्यावर आली. मी दोराच्या अलीकडे, मडमेच्या धाकट्याचं बोट धरून उभी होते. मडमही माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, नाही डॉक्टर. इंग्रजीत म्हटलं. माझं इंग्रजी फार चांगलं होतं.

मला काय माहीत नव्हतं, सांगा? अशी पोरं मी दवाखान्यात मांडीवर घेऊन जगवली होती. लघवी होत नाही याचा अर्थ मला कळत होता. पेल्यानं पाणी द्यायचं नसतं, हे कळत होतं. चार शब्द बोलायचे होते. बरं, तेही नको — न बोलता दोराखालून वाकून जायचं, पोर मांडीवर घ्यायची, हातात चमचा घ्यायचा. तेवढंही केलं नाही. संध्याकाळी गुपचूप जाऊ म्हटलं. संध्याकाळी मडमेकडे पत्ते खेळायला माणसं आली आणि मी मुलांना निजवत बसले. मुलं निजल्यावरही बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ठकू गेली. बोटीवर माणूस गेलं की काय करतात ते तुम्हाला माहीत असेल. नसेल तर बरंच आहे. मी त्या वेळी केबिनमध्ये होते, खिडकी लावून.

वाचली असती का ती? सांगता येत नाही — डॉक्टर लोक असंच म्हणतील. मीही स्वतःला पुष्कळदा तसं म्हणून पाहिलं. म्हटलं की बरं वाटायचं, म्हणून म्हणायचं सोडून दिलं.

मोंबासा आलं. जिन्याकडे जायची वाट दोराजवळून होती. मामा पुढे, मागून हौसा, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, काखेत गाठोडं. त्यात ठकूचं झबलं वरच दिसत होतं. माझ्याजवळ आल्यावर ती थांबली. मला भाषा समजत नाही, हे तिच्या लेखी खरंच होतं की. तरी रोजची ओळख, न सांगता कशी जाणार? म्हणाली, "येते हां, बाई."

आणि मी — विचार करायला वेळच मिळाला नाही हो — मी म्हटलं, "ये गं. जपून."

तिचं पाऊल अडलं. "तुमाला येतंय व्हय?"

आधी तिचा चेहरा उजळला. परमुलखात आपलं माणूस सापडावं तसा. एवढं सगळं होऊनही उजळला, ते मला आजही सोसत नाही. मग तिला एकेक आठवत गेलं असावं. डॉक्टर, तो पेला, मी कुठे उभी होते ते. चेहरा विझत गेला आणि मी तो विझताना बघत राहिले. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातात मडमेच्या मुलाचं बोट होतं, त्याकडे तिनं एकदा बघितलं, गाठोडं वर सरकवलं आणि जिना उतरली. खाली नवरा उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे बघत होता, लेकीला कोण घेऊन येतंय म्हणून.

काय म्हणाली ती, असं मडमेनं विचारलं. मी म्हटलं, कोण जाणे.

पुढच्या वर्षी साहेब लोक आपल्या देशी गेले. मी नगरला परत आले, पुन्हा शांता झाले, लुगडं नेसले. एकदा सर्व्हिस मोटारीनं कर्जतला गेले. तिच्या सासरचं गाव तिथून कोसभर. नाव तिनंच दोराशी उभं राहून सांगितलं होतं. मोटार उभी राहते तिथे चहा प्यायले आणि त्याच मोटारीनं परत आले. बहिणीला सांगितलं, चिंच आणायला गेले होते. चिंच आणलीही होती.

तेव्हापासून जो येईल त्याला बसवून सांगते. एखादी सून असते, कडेवर मूल असतं. सगळं नीट ऐकून घेते, पाया पडते आणि उंबऱ्यात वळून म्हणते, येते हां, बाई. मी ये म्हणत नाही. नुसती मान हलवते. बाई बाकी चांगल्या, पण निरोपाला कोरड्या, असं लोक मागे बोलतात ते माझ्या कानावर आलेलं आहे.

लहान मुलाचं सांगायचं राहिलं. पाणी उकळून गार करायचं. त्यात चिमटीभर मीठ, थोडी साखर. पेला तोंडाला लावायचा नाही, मूल कितीही रडलं तरी. चमच्यानं द्यायचं. एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. ओकलं तरी पुन्हा द्यायचं. रात्रभर बसावं लागलं तर बसायचं.

हे मला तेव्हाही माहीत होतं.